पडलेला मावळा

मंडळी, हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर आमच्या बाल्कनीत किल्ला उभा राहिलेला असेल. अंगणात करायचा नाद आम्ही सोडला. उत्रेख्तच्या ऑक्टोबरात उघड्यावर माती कालवली की किल्ला होत नाही, पोल्डर होतो. आता खाली प्लास्टिक, त्यावर विटा, विटांवर गोणपाटाऐवजी जुने टॉवेल आणि वर बागेच्या दुकानातली माती. अळिवाची मात्र इथे चैन आहे. सुपरमार्केटात टाउनकेर्स नावाने कोवळ्या रोपांचा डबाच मिळतो, ते आपले अळीवच. डच लोक ते उकडलेल्या अंड्यावर भुरभुरून खातात, आम्ही तटबंदीखाली लावतो.

मावळे पुण्याहून येतात, मोज्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. तरी दरवर्षी एखाद्याची मान जातेच. गेल्या वर्षी किल्ला मांडून झाल्यावर पाहिलं, तर महाराजांच्या उजव्या हाताला, तुतारीवाल्याची जागा अडवून, निळ्या चिलखतातला एक परग्रहावरचा शिपाई उभा. बोटाच्या दोन पेरांएवढा, पण चिलखताच्या कडांवर सोनेरी रेघ अशी सरळ की पैठणीच्या काठाने लाजावं.

"हा कोण?"

"पहारेकरी," चिरंजीव म्हणाले. "तुतारीवाला मोडलाय. हा मोडत नाही."

या पहारेकऱ्याबद्दल आणि त्याच्या फौजेबद्दल यंदा लिहायचं आहे. अनेक घरांत हे खूळ शिरलंय असं मागच्या गणपतीत कळलं. आरतीनंतर चार बाप एका कोपऱ्यात उभे राहून 'वॉरहॅमर'च्या डब्यांच्या किमती एकमेकांना कुजबुजत सांगत होते. किमती मी इथे लिहीत नाही, अंक आजी-आजोबाही वाचतात.

ज्यांच्या घरात हे शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेवणाच्या टेबलाएवढा पट, त्यावर पडकी घरं, टेकड्या, झाडं. प्रत्येकाची आपली फौज, आणि दोन्ही फौजांचं मोल गुणांत सारखं. साधा शिपाई स्वस्त, रणगाडा महाग. चाल इंचांत, टेपने मोजून. गोळी लागली का, जखम झाली का, चिलखताने वाचवलं का, हे सगळं फासे ठरवतात. डाव पाच फेऱ्यांचा. पटावर काही ठाणी ठरलेली असतात, ती ताब्यात ठेवली की गुण मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला समजायला वर्ष लागलं: समोरच्याची किती माणसं पाडली यावर हारजीत ठरत नाही, ठाण्यांच्या गुणांवर ठरते. शेवटी पटावर तुमचे तीनच शिपाई उरलेले असले तरी तुम्ही जिंकलेले असू शकता.

आपल्या किल्ल्यावर पडलेला मावळा आपण पुन्हा उभा करतो. वाऱ्याने पडो, मांजराने पाडो, उचलायचा, माती झटकायची, बुरुजावर ठेवायचा. भाऊबीजेपर्यंत एकही मावळा कामी येत नाही. या खेळात पडलेला उचलून डब्यात ठेवायचा आणि त्या डावापुरतं त्याचं नाव घ्यायचं नाही. माझ्या मते चिरंजीवांना पहिल्या वर्षी जे जड गेलं ते हेच.

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या बूर्टहाउसात, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या जागेत, हा खेळ चालतो. मी सोडायला जायचो, पाऊस असला की थांबायचो, आणि इथे पाऊस कधी नसतो? तर मी थांबायचोच. तिथे पांढऱ्या मिशीचे एक निवृत्त गृहस्थ येतात. सगळे त्यांना ओपा म्हणतात, डच भाषेत आजोबा. चिरंजीवांचा पहिला मोठा डाव त्यांच्याशी झाला.

चिरंजीवांकडे पाच जणांची एक लाडकी तुकडी होती. एकेकाला रंगवायला तीन-तीन संध्याकाळी लागलेल्या. आधी प्राइमर, मग मूळ रंग, मग खाचांत उतरणारा पातळ काळपट रंग, शेवटी कडांवर केसाएवढी उजळ रेघ. ही तुकडी त्याने डाव्या टेकडीवर नेली. ओपांनी पुढ्यात दहा साधे शिपाई आणून भिडवले. भिडल्यावर नियम असा की तुकडीला मागे हटता येतं, पण हटली तर साधारणपणे त्या चालीत तिला गोळीबारही करता येत नाही आणि हल्लाही. चिरंजीवांना ते अपमानास्पद वाटलं. हटायचं नाही. मग तिला सोडवायला दुसरी तुकडी. ती नऊ इंच लांब होती.

हे नऊ इंच लक्षात ठेवा. हल्ल्याला धावून जायचं तर दोन फासे टाकायचे, बेरजेइतके इंच धावता येतं. नऊ किंवा जास्त यायला छत्तीसपैकी दहा शक्यता, म्हणजे शंभरात अठ्ठावीस. फासे पुन्हा टाकायची सवलत खर्च केली तरी शक्यता निम्म्याच्या खालीच राहते, अठ्ठेचाळीसच्या आसपास. चिरंजीवांना पडले सात. सवलत वापरली, पाच. ती दुसरी तुकडी उघड्या मैदानात उभी राहिली आणि ओपांच्या रणगाड्याने ती टिपली. मग तिच्यातल्या उरलेल्या दोघांना वाचवायला तिसरी तुकडी उजवीकडून काढली. उजवीकडे ठाणं होतं. ते मोकळं पडलं.

तिसऱ्या फेरीअखेर तीन तुकड्या डब्यात. ओपांचे ते दहा साधे शिपाईही मेले होते, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ते म्हणाले, "हे दहा जण मी विकायलाच आणले होते. भाव फार चांगला आला."

गाडीत चिरंजीव गप्प. मग म्हणाला, "तो चीटिंग नाही करत. पण त्याला त्याची माणसं आवडत नाहीत."

मला तेव्हा त्याचंच पटलं होतं. ओपांची ती फौज मी पुढे एकदा भिंग घेऊन पाहिली. साध्या शिपायांच्याही डोळ्यांत बुबुळं काढलेली होती.

पुढच्या महिन्याभरात मी तिथल्या बाकावर बसून एक गोष्ट पाहिली. नवखी मुलं नुकसान पत्करत नाहीत असं नाही. ती पत्करतात, पण उशिरा, आणि तोवर त्याची किंमत दुप्पट-तिप्पट झालेली असते. सराईत खेळाडू पहिली सोंगटी मांडतानाच ठरवतो की ही तुकडी जाणार आहे. तिने जाताना एक फेरी अडवून ठेवावी किंवा समोरचा महागडा रणगाडा कोपऱ्यात ओढून न्यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिला सोडवायला कोणी जात नाही. आणि ज्या तुकडीवर रंगाचे पंधरा तास गेलेत तिच्या बाबतीत हे ठरवणं सगळ्यात अवघड, कारण ते पंधरा तास पटावरच्या हिशेबात कुठेच नसतात. फाशाला ते माहीत नाहीत.

याच्या उलट टोकाची चूकही चिरंजीवांनी लगेचच केली. तिसऱ्या की चौथ्या डावात दुसऱ्या फेरीतच रणगाडा गेला, आणि त्याने हरलो म्हणून हात पुढे केला. ओपांनी हात हातात घेतलाच नाही. "मोज," म्हणाले. मोजलं तर चिरंजीवांकडे सात शिपाई होते, गुणांत तो चारानेच मागे होता, आणि तीन फेऱ्या बाकी होत्या. शेवटी हरलाच, पण सहा गुणांनी. तुकडी सोडणं वेगळं आणि डाव सोडणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्याही डोक्यात शिरलं. सुरुवातीला तुकडी न सोडणारा मुलगाच पुढे सगळ्यात आधी डाव सोडतो, हे मी त्या बाकावरून नंतर अनेकदा पाहिलं. त्याला मधलं काही दिसतच नाही.

गेल्या उन्हाळ्याआधीच्या वसंतात ओपाच आम्हाला फोर्ट बै वेख्तनला घेऊन गेले. बुनिकजवळ, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. तिथे वॉटरलाइनचं संग्रहालय आहे. त्याच्या अंगणात त्या सगळ्या जलरेषेची सुमारे ५० मीटर लांबीची प्रतिकृती आहे, आणि मुलांना तिच्यात पाणी सोडता येतं. म्हणजे पटावरचाच खेळ, फक्त पट काँक्रीटचा. पाणी सोडलं की शेतं बुडतात, उंच रस्ते आणि किल्ले तेवढे वर राहतात. पाणी गुडघाभर. चालत तोफा ओढायच्या तर खंदक कुठे, कालवा कुठे हे दिसत नाही, आणि नाव घालावी तर ती टेकते. आपल्याला किल्ला म्हटला की उंची आठवते. या सपाट लोकांनी खोलीचा किल्ला केला, आणि तोही पुरता खोल नाही.

वेख्तनचा किल्ला एकोणिसाव्या शतकातला, पण युक्ती जुनी. १६७२ साली चौदाव्या लुईची फौज आली तेव्हा डचांनी मौडनपासून गोरिंखेमपर्यंतच्या पट्ट्यात स्वतःच्याच जमिनीवर पाणी सोडलं. हॉलंड वाचलं. हे शाळेच्या पुस्तकात असतं, चिरंजीवांनी ते धडाधड सांगितलंही. ओपांनी विचारलं, "आणि उत्रेख्त?"

उत्रेख्त त्या रेषेच्या बाहेर राहिलं. सैन्य मागे हॉलंडमध्ये गेलं आणि हे शहर फ्रेंचांसाठी मोकळं सोडलं. १६७२च्या जूनपासून १६७३च्या नोव्हेंबरपर्यंत ते इथे होते. ओपांच्या किती तरी पिढ्या याच शहरातल्या. ते म्हणाले, "आम्ही म्हणजे ती डाव्या टेकडीवरची तुकडी."

आणि ज्यांच्या शेतांवर पाणी सोडलं त्यांचं काय? काही ठिकाणी शेतकरी हत्यारं घेऊन बांधांवर उभे राहिले होते, बांध फोडू देईनात. त्यांचं तरी काय चुकलं? ठरवणारे एक, बुडणारे दुसरे. डिसेंबरअखेर पाणी गोठलं तेव्हा फ्रेंच बर्फावरून आत आले; मग बर्फ वितळायला लागला, परतावं लागलं, आणि त्यांनी बोडेग्राफन आणि झ्वामरडाम जाळलं. पटावर हे दिसत नाही. पटावर शिपाई डब्यात जातो आणि पुढच्या शुक्रवारी परत येतो. म्हणून हा खेळ आहे आणि म्हणून मी मुलाला खेळू देतो, पण त्या काँक्रीटच्या शेतांवर पाणी चढताना बघून मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो.

परतताना ओपांनी एकच गोष्ट आणखी सांगितली. १४ मे १९४० ला जर्मनांनी रॉटरडॅमवर बाँब टाकले, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. पुढचा नंबर उत्रेख्तचा, अशी धमकी आली, आणि जनरल विंकेलमान यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्या वेळीही जलरेषेत पाणी सोडलेलं होतं. विमानांना त्याचं काय? रॉटरडॅमला गेलात की मध्यभागी सगळं काचेचं आणि नवं दिसतं आणि आमच्याकडे जुने कालवे आणि जुनी घरं दिसतात, त्यामागे त्या दिवसाचाही हात आहे. ओपांच्या वडिलांना हे सोडणं आयुष्यभर सलत होतं. ओपा स्वतः त्याच घरांपैकी एकात राहतात.

गेल्या दिवाळीत ओपांना फराळाला बोलावलं. चकली तिखट लागली, अनारशावर मात्र ते प्रसन्न झाले. किल्ला पाहून त्यांनी टेपशिवायच अंतरं मोजली आणि विचारलं, की तुमच्या राजाने कधी किल्ले सोडले का?

आता मी लहानपणापासून सिंहगड केला, प्रतापगड केला, पन्हाळगड आणि त्याच्यापुढे पुठ्ठ्याची पावनखिंडही केली. पुरंदरचा तह कोणी दिवाळीत मांडलाय का? मी तरी नाही. पण सांगितलं. १६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान. वज्रगड पडलेला, मुरारबाजी गेलेले, पुरंदर अजून लढतोय. आणि महाराज जयसिंगाच्या छावणीत जाऊन तह करतात. २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यायचा. १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखायचा. पुरंदरवरची माणसं जिवंत बाहेर पडली.

ओपा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पुरंदर हातात असतानाच. पडल्यावर नाही."

मला हे कधी सुचलं नव्हतं. आमच्या शाळेत हा तह घाईघाईने, मान खाली घालून शिकवला जायचा, मग लगेच आग्र्याची सुटका. पण खरंच, पुरंदर पडला असता तर तो तहात द्यायला उरलाच नसता. माणसंही गेली असती आणि किल्लाही. ओपांनी पुढे विचारलं, की राखलेले बारा कोणते? राजगड, तोरणा, रायगड ही नावं मी सांगितली, आणि १६७० मध्ये कोंढाणा आणि पुरंदर दोन्ही परत घेतले हेही. त्यांना परत घेतल्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. ते त्या बारांतच अडकले होते.

फेब्रुवारीत चिरंजीवांचा रिपोर्ट आला. इथल्या मंडळींना सांगायला नको, तिकडच्या नातेवाइकांसाठी: बारा वर्षांच्या आसपास मुलांची शाळा विभागली जाते. व्हेवेओ सहा वर्षांचं, थेट विद्यापीठाकडे जाणारं. हावो पाच वर्षांचं, व्यावसायिक उच्च शिक्षणाकडे जाणारं. चिरंजीव व्हेवेओच्या तिसरीत होते. गणित ४.८, फ्रेंच ४.६, जर्मन ५.१. पास व्हायला ५.५ लागतात.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंत. गणिताला बायलेस, म्हणजे आपली शिकवणी. मग फ्रेंचला बायलेस. जर्मनची सोय शुक्रवारी संध्याकाळी झाली, त्यामुळे बूर्टहाउस बंद. एप्रिलमध्ये गणित ५.३ झालं. आणि इतिहास, जो कधी साडेसातच्या खाली नव्हता, तो ६ वर आला. डचसुद्धा घसरलं. मुलगा रात्री अकराला दिवा मालवायचा आणि सकाळी त्याच्याशी बोलायची सोय नसायची. बायको म्हणत होती, थांबूया. मी म्हणत होतो, आत्ता कसं थांबायचं, इतकं केल्यावर?

मे महिन्यात त्याच्या मेंटॉरबरोबर बैठक होती. आदल्या रात्री मी जेवताना वार्षिक परीक्षेचा आराखडा मांडत होतो, कोणत्या विषयात किती मिळाले तर सरासरी किती. चिरंजीव वरणभात कालवत म्हणाला, "बाबा, हे नऊ इंचांचं आहे."

बायकोला कळलं नाही. मला कळलं, आणि राग आला. मग आणखी काही वेळाने कळलं की राग कशाचा आला. ती तुकडी रंगवली मी होती. पुण्याच्या प्रत्येक फोनवर, प्रत्येक भेटीत, 'व्हेवेओ'चा अर्थ समजावून सांगत, कडांवर सोनेरी रेघा ओढत. पटावर उभा मात्र तो होता.

बैठकीत बोलायचं होतं ते त्यानेच बोललं. हावोच्या चौथीत जातो, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र घेतो, फ्रेंच सोडतो. मेंटॉरबाईंनी सांगितलं की हावो पूर्ण करून व्हेवेओच्या पाचवीत जाता येतं, किंवा हावोनंतरच्या उच्च शिक्षणाचं पहिलं वर्ष पूर्ण करूनही विद्यापीठाचे काही रस्ते उघडतात. त्याने मान हलवली. त्यातलं काही करेन असं तो म्हणाला नाही, मीही त्याच्याकडून वदवून घेतलं नाही. खरं सांगायचं तर तोंडावर आलं होतं.

पुण्याला फोन करायला मला आठवडा लागला. माझे वडील म्हणाले, "खालच्या वर्गात घातलं?" मी म्हटलं, हो. ते गप्प झाले, मग त्यांनी विचारलं, "जेवतो का नीट?" ते मला अपेक्षित नव्हतं. जेवतो, म्हटलं. शुक्रवारी क्लबलाही जायला लागलाय.

हे सगळं सुरळीत झालं असं लिहिण्याची मला घाई नाही. त्याचे दोन जिवलग मित्र व्हेवेओच्या चौथीत गेले आणि हा गेला नाही. ऑगस्टअखेर पहिल्या दिवशी तो सायकल घेऊन नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघाला, त्यांची गाठ पडू नये म्हणून. ते मी खिडकीतून पाहिलं. आताही मंडळाच्या कार्यक्रमात कोणी "कितवीत आहे?" विचारलं की मी आधी इयत्ता सांगतो आणि प्रकार सांगत नाही. हेही इथे लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही विचारायला मोकळे.

गेल्या महिन्यात ओपांशी डाव झाला. डावी टेकडी चिरंजीवांनी पहिल्या फेरीतच मोकळी सोडली. ओपांनी सवयीने आपले दहा शिपाई तिकडे पाठवले होते, ते दोन फेऱ्या कोणाशीही न लढता टेकडीवर उभे राहिले. डाव चार गुणांनी ओपांचाच झाला. पण मिशी बराच वेळ चावली.

यंदा किल्ला पुरंदर करायचा ठरलाय, वज्रगडासकट. बाल्कनी दीड मीटर रुंद. चिरंजीवांचं म्हणणं, दोन्ही गड नीट दिसले पाहिजेत आणि मधली भैरवखिंडही, नाहीतर ओपांना कळणार नाही की तोफा कुठे चढवल्या. त्यामुळे पायथ्याचं गाव, विहीर, हौद आणि माझा आवडता भाजीबाजार यंदा रद्द. तुतारीवाल्याची मान अजून चिकटलेली नाही. तेवढा पुण्याहून येणाऱ्या कोणी आणला तर बरं होईल, मोज्यात जागा असली तर.